माय, वासराचे दात काहून पडत नाहीत?

पत्र:

बाई, नमस्कार. मी लोहा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहीत आहे. माझी मुलगी सात वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात तिचा खालचा दात पडला. आजीनं तो पत्र्यावर फेकायला लावला. तेव्हापासून तिचं सुरू झालं. माय, वासराचे दात काहून पडत नाहीत? गाईला वरचे दातच नाहीत, ते पडले का? गाय रात्री तोंडात काही नसताना काय चावते? उन्हाळ्यात म्हैस पाण्यातून उठत नाही, कुत्रं जीभ काढून बसतं, कोंबडी चोच उघडी ठेवते, मग घाम आपल्यालाच का येतो? पायाला मुंग्या येतात त्या कुठून येतात? मला उत्तरं येत नाहीत. दहावी झाली आणि लग्न झालं. कामाच्या गडबडीत मी तिला ‘गप बस’ म्हणते. त्यात ती शाळेतून ऐकून आली की साप दूध पीत नाही. तोंडावर आजीला म्हणाली, ‘तू खोटं बोलती.’ सासूबाईंना फार लागलं. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मालक म्हणाले, ‘पोरीला लई शिंगं फुटलीत.’ सासऱ्यांना जनावरांतलं चांगलं कळतं, पण ते या भांडणात पडले नाहीत. आता ती विचारायची बंद झाली आहे. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. मी काय करू? – एक आई

उत्तर:

ताई,

तुमच्या मुलीच्या प्रश्नांची उत्तरं लिहायला बसले आणि ‘आता ती विचारायची बंद झाली आहे’ या ओळीपाशी अडले. मी तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. वर्गात ‘कुणाला काही शंका?’ असं विचारलं की साठच्या साठ माना खाली जायच्या. ती पोरंही कधीतरी सात वर्षांची होती आणि गोठ्यात उभी राहून आईला काहीबाही विचारत होती. मधे कुठंतरी त्यांचं विचारणं थांबलं. तुमच्याकडे ते नुकतंच थांबलंय, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. म्हणून आजचं उत्तर जरा लांबेल, ते सवडीनं वाचा.

तुम्ही लिहिता, मला उत्तरं येत नाहीत. ताई, त्यातली बहुतेक उत्तरं तुमच्या दावणीला बांधलेली आहेत, आणि काही तर तुमच्या सासऱ्यांना तोंडपाठ असतील.

दाताचंच घ्या. वासराचे दात पडतात. ते आपल्या लक्षात येत नाहीत, कारण वासरू दात हातात घेऊन दाखवायला येत नाही. तो गवताबरोबर पोटात जातो नाहीतर गोठ्यात पडतो. तुमच्या लेकीसारखेच वासरालाही आधी दुधाचे दात येतात. जन्मल्यावर महिनाभरात खालच्या जबड्यात पुढचे आठ दात दिसतात, लहान, पांढरेशुभ्र. दोन वर्षांच्या आसपास त्यातले मधले दोन पडतात आणि त्या जागी दोन मोठे, रुंद दात येतात. पुढं एकेक जोडी बदलत जाते आणि चार-पाच वर्षांत आठही दात पक्के होतात. बाजारात ‘आदत’ (दुधाचा एकही दात न पडलेला), ‘दोन दाती’, ‘चार दाती’, ‘सहा दाती’, ‘जुळलेला’ (आठही पक्के) असं म्हणतात ते याच्यावरूनच. तुमच्या तालुक्यातच माळेगावची यात्रा भरते. खंडोबाच्या त्या यात्रेत बैलाचा ओठ खाली ओढून वय सांगणारी माणसं तुमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर पाहिली असतील, स्वतःही सांगितलं असेल. लेकीला त्यांच्याकडे पाठवा. म्हणावं, ‘आजोबा, आपलं वासरू आदत आहे का दोन दाती, मला दाखवा.’ ते गप्प बसणार नाहीत.

आता एक गोष्ट सांगते, जी मला स्वतःला कळली तेव्हा मी घरात सगळ्यांना सांगत सुटले होते. माणसाच्या लेकराला दुधाचे दात 20. वासरालाही 20. मोठ्या माणसाला, अक्कलदाढा धरून, दात 32. मोठ्या गाईलाही 32. आकडे तेच, मांडणी मात्र वेगळी. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात मुळातच नसतात, ते पडलेले नसतात. तिथं एक जाड, कडक गादी असते. गाय जिभेनं गवताचा झुबका गुंडाळते, खालच्या दातांनी तो या गादीवर दाबते आणि मान झटकून तोडते. तोडलेलं दळायला मागं दाढा वर-खाली दोन्हीकडे आहेत. म्हैस, शेळी, मेंढी यांचंही तसंच. घोड्याला आणि गाढवाला मात्र वरचे दात असतात, म्हणून ते गवत अगदी मुळापासून कुरतडतात. माळेगावला घोडे-गाढवं पुष्कळ येतात, पुढच्या यात्रेत लेकीला दोन्ही तोंडं दाखवा.

आणि दात पडतातच का? लहान जबड्यात मोठे दात मावत नाहीत. जबडा वाढतो, पण एकदा आलेला दात जाड किंवा रुंद होत नाही. म्हणून निसर्गानं दोन संच केले. पक्का दात खालून वर येऊ लागला की दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळतं, दात हलायला लागतो आणि एक दिवस भाकरीच्या घासात निघून येतो. तुमच्या लेकीचा पहिला पडलेला दात खालचा मधला असणार. वासराचाही आधी खालचा मधलाच पडतो. हे तिला सांगा. आपण आणि वासरू एकाच रीतीनं मोठे होतो, हे ऐकून तिचा चेहरा कसा होतो ते बघा.

वासराच्या तोंडात बोट घालायचं ते मात्र फक्त आजोबांनी, आणि तेही पुढच्या दातांपुरतं. मागच्या दाढांत बोट सापडलं तर तुटेल. हे तिला बजावून सांगा.

रवंथाचा प्रश्न माझा सगळ्यात आवडता. ‘तोंडात काही नसताना काय चावते’ असं तिनं विचारलं, म्हणजे तिनं गाईकडे नीट पाहिलंय. गाय दिवसा चरते तेव्हा धड चावत नाही, भराभर तोडते आणि गिळते. ते सगळं पोटाच्या पहिल्या कप्प्यात जाऊन साठतं. गाईचं पोट एकच, पण त्याचे कप्पे चार: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. कोटीपोट एवढं मोठं असतं की मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरच्या वर माल मावतो. तुमच्या घरातल्या पाण्याच्या टाकीशी ताडून बघा. निवांत बसल्यावर गाय त्यातला थोडा थोडा चारा परत तोंडात आणते, बारीक दळते आणि गिळते. रोजचे सहा ते आठ तास तिचं हेच चालतं.

हे डोळ्यांनी दिसतं. संध्याकाळी धार काढून झाली की लेकीला गाईच्या डाव्या अंगाला, मानेपासून हातभर लांब बसवा. मानेच्या खालच्या बाजूनं एक गोळा वर सरकताना दिसेल. तो तोंडात आला की जबडा आडवा फिरायला लागतो, आपल्यासारखा वर-खाली नाही. जात्याचा पाळू फिरतो तसा, आडवा. साधारण चाळीस ते साठ वेळा चावून झालं की गोळा खाली जातो. गाय दोन-चार क्षण थांबते, जणू काही आठवतेय, आणि दुसरा गोळा वर येतो. मोजायला सांगा. शंभरपर्यंत आकडे येत असतील तर तिला ते सहज जमेल. मग गाईच्या डाव्या भकाळीवर, शेवटच्या बरगडीच्या मागच्या खळग्यात, तुम्ही स्वतः मूठ टेकवून धरा. मिनिटाला एक-दोनदा आतून ढकलल्यासारखं होईल. ते कोटीपोट घुसळतंय. जनावरांचे डॉक्टर आजारी गाईच्या भकाळीवर हात ठेवून उभे राहतात ते हीच हालचाल मोजायला. ती थांबली असेल तर पोट बंद पडलंय, हे त्यांना सुई टोचायच्या आधी कळतं.

कडबा आपल्याला का पचत नाही? खरं तर तो गाईलाही पचत नाही. कडब्याच्या धांड्याचा जो टणकपणा आहे तो फोडणारा रस ना आपल्या पोटात आहे ना तिच्या. तो रस आहे कोटीपोटात राहणाऱ्या जिवाणूंकडे. त्या कप्प्यातल्या चमच्याच्या टोकाएवढ्या, म्हणजे एका मिलिलिटर पाण्यात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. गाय त्यांना चारा, ऊब आणि ओलावा देते, ते तिला चारा फोडून देतात. आपण म्हणतो एक गाय पाळली, पण तिच्या पोटी केवढं गाव नांदतंय ते दिसत नाही.

यातून एक रोजच्या कामाची गोष्ट निघते, ती मालकांना आवर्जून सांगा. पोळा आला की आपल्याकडे बैलांना पोटभर पुरणपोळ्या चारतात. माया खरी आहे, पण त्या जिवाणूंना कडब्याची सवय असते. अचानक एवढं गोड आणि पीठ मिळालं की पोटात आंबट होतं, इतकं की ते जिवाणूच मरतात. बैल चारा सोडतो, पोट फुगतं, जास्त झालं तर दगावतो. लग्नातलं उरलेलं अन्न गोठ्यात ओततात त्याचंही तेच. नैवेद्याची एखादी पोळी पुरे, आणि पुढं रोजचा चारा.

इथं मला माझं सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1972 चा दुष्काळ होता तेव्हा मी तुमच्या लेकीएवढीच होते. आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, एक लालकंधारी गाय होती, तांबडी म्हणायचो तिला. ज्वारी उगवली होती पण पाण्यावाचून गुडघ्याएवढीच होऊन खुरटली होती. एक दिवस तांबडी दाव्यातून सुटली आणि त्या ज्वारीत शिरली. तासाभरात ती थरथरत खाली पडली, तोंडाला फेस, श्वास भात्यासारखा. माझे आजोबा एवढंच म्हणाले, ‘किराळ लागलं.’ मी विचारलं, किराळ म्हणजे काय? ज्वारी तर ती रोज खाते, मग आजच काय झालं? कुणीतरी माझा दंड धरून मला बाजूला केलं आणि म्हणालं, ‘गप.’ त्यांचीही चूक नव्हती, घरातली दुभती गाय डोळ्यांदेखत गेली होती. पण मी गप्प बसले ती पुढं नऊ वर्षं.

1981 साली अकरावीत असताना मला उत्तर मिळालं. कोवळ्या ज्वारीत एक पदार्थ असतो, आणि पान चावलं गेलं की त्यातून सायनाइड सुटतं. गाईच्या पोटातले जिवाणू ते आणखी भराभर सोडवतात. पाण्याचा ताण पडून खुरटलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर बुडातून फुटलेल्या कोंबांत ते सगळ्यात जास्त. हे विष रक्तातला प्राणवायू शरीराला वापरूच देत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर, म्हणून रक्त लालभडक दिसतं, आणि तरी जनावर गुदमरतं. कणसं पक्व झाली, कडबा वाळला की ते विष बहुतेक उडून जातं, म्हणून रोजचा कडबा सोसतो. माझ्या आजोबांचा शब्द बरोबर होता. ‘किराळ’ म्हटलं की जुनी माणसं ज्वारी गुडघ्याएवढी असताना जनावर तिकडं फिरकू देत नव्हती. शब्द होता, राखण होती, फक्त ‘का’ कुणी विचारलं नव्हतं. आज यावर शिरेतून द्यायचं औषध आहे. वेळेत डॉक्टर आले तर जनावर वाचतं. तुमच्याकडे हायब्रीड ज्वारीचा खोडवा, म्हणजे कापणीनंतर पुन्हा फुटलेलं पीक, राहत असेल तर गायी-शेळ्या तिकडं सोडू नका, आणि जनावर थरथरून पडलं तर पहिला फोन डॉक्टरला.

म्हणून मी म्हणते, त्या पोरीला गप्प करू नका.

उन्हाचा प्रश्न तुमच्या माठाजवळ उभं राहून सांगता येतो. माठाला बारीक छिद्रं असतात, पाणी झिरपतं, वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. आपलं अंग तसंच आहे. आपल्या कातडीत घामाच्या वीस लाखांहून जास्त ग्रंथी आहेत. एक लिटर घाम अंगावर वाळला की साधारण 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते, म्हणजे चुलीवर आठेक लिटर पाण्याला उकळी आणायला लागते तेवढी. घाम वाळायला हवा, नुसता गळून उपयोग नाही. मृगाच्या आधी हवा दमट होते तेव्हा माठातलं पाणीही गार होत नाही आणि आपलाही जीव घाबरा होतो, कारण दोन्हीकडे वाळणं थांबलेलं असतं.

घाम आपल्यालाच येतो हे मात्र खरं नाही. नांगराला जुंपलेल्या बैलाच्या मानेवर हात फिरवायला सांगा, ओलसर लागेल. गाईला घाम येतो, घोड्याला तर भरपूर. म्हशीला गाईपेक्षा फार कमी येतो, आणि कातडं काळं, म्हणजे ऊन जास्त शोषणार. घोटून गुळगुळीत केलेल्या, न झिरपणाऱ्या भांड्यासारखी ती. म्हणून पाणी तिला बाहेरून लागतं. ती आळशी आहे म्हणून डुंबत नाही, डोह नसेल तर दुपारी दोन बादल्या पाणी तिच्या अंगावर टाकणं तुमचं काम आहे. दुधालाही ते कळतं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पायांच्या तळव्यांना, म्हणून ते जिभेचा आणि तोंडातल्या ओलाव्याचा माठ करतं. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारं कुत्रं धापा टाकताना तीनशेच्या पुढं जातं. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. ती चोच उघडते, पंख अंगापासून दूर धरते. मे महिन्यात कोंबडीची अंडी पातळ कवचाची येतात ना? सारख्या धापांमुळे तिच्या रक्तातून कर्बवायू जास्त निघून जातो, आणि कवच बांधायला तोच लागतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 च्या वर जातो, म्हणून एवढं लिहून ठेवते. ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग चटका बसेल असं तापलं, तर खिशातल्या कांद्यानं काही होत नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, सगळं अंग ओलं करून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. घोळणा फुटला तर डोकं मागं करू नका, रक्त घशात जातं. लेकराला बसवा, थोडं पुढं वाकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरून ठेवा, मधेच सोडून बघू नका.

पायाच्या मुंग्यांचं सोपं आहे. मांडी घालून बराच वेळ बसलं की पायाच्या शिरेवर, म्हणजे डोक्याला निरोप नेणाऱ्या मज्जातंतूवर, दाब पडतो. निरोप अडतो, पाय बधिर होतो. दाब काढला की अडलेले निरोप वेडेवाकडे सुटतात आणि डोक्याला वाटतं, पायावर काहीतरी चालतंय. पाय हलवला की जातं.

आता साप, आणि सासूबाई.

साप दूध पीत नाही हे खरं आहे. तो उंदीर, बेडूक, पक्षी, अंडी असं खातो, आणि अख्खं गिळतो. तहान लागली तर पाणी पितो. पुंगीवाल्याच्या टोपलीतला नाग दुधात तोंड घालतो, कारण त्याला कित्येक दिवस पाणीही दिलेलं नसतं. ते दूध त्याला सोसत नाही. साप पकडणं आणि बाळगणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाही आहे. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात, तीही खरी नाही. ओढून पिण्यासाठी मऊ ओठ आणि गाल लागतात, सापाला ते नाहीत. त्याचे दात मागं वळलेले आणि सुईसारखे असतात, गाय ते सडाला क्षणभरही लागू देणार नाही. ही गोष्ट मी सोडून देत नाही, कारण तिच्यापायी नुकसान होतं. सकाळी कास सुजलेली, दुधात रक्त किंवा गाठी दिसल्या की ‘धामण लागली’ म्हणतात आणि दोन दिवस जातात. तो दगडी रोग असतो, कासदाह. वेळेत औषध नाही झालं तर तो सड कायमचा जाऊ शकतो. आणि उंदीर खाणारी, विष नसलेली धामण काठीनं मारली जाते ती वेगळीच.

पण तुमची लेक आजीला ‘तू खोटं बोलती’ म्हणाली, ते चुकलं. त्याबद्दल तिनं आजीच्या पाया पडायला हवं, आणि हे तिला तुम्हीच सांगा, मालकांनी रागावून नको. खोटं बोलणं म्हणजे माहीत असून वेगळं सांगणं. आजीनं जे ऐकलं, त्यांच्या आजीनं जे सांगितलं, तेच त्या सांगत आल्या. तेवढा फरक सात वर्षांच्या मुलीला कळतो. मुद्दा मात्र मागं घ्यायला लावू नका. ‘माझं बोलणं चुकलं’ एवढंच तिनं म्हणायचं, ‘साप दूध पितो’ असं म्हणायची गरज नाही.

पाया पडून झालं की तिला आजीजवळ बसवा आणि एकच प्रश्न विचारू द्या: ‘आज्जी, तू साप कुठं कुठं पाहिला? तो काय करत होता?’ ताई, शेतात पन्नास वर्षं काढलेल्या बाईनं साप पाहिले असतात. बेडूक गिळताना पाहिलेला असतो, कात टाकलेली पाहिलेली असते, एकमेकांना पीळ घातलेली जोडी पाहिलेली असते. दूध पिताना पाहिला का, असं तुम्ही विचारूच नका. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगत असताना ते त्यांना आपोआप आठवेल, किंवा आठवणार नाही. माझ्या आईशी मी असंच बोलले होते. बराच वेळ सांगून झाल्यावर तीच म्हणाली, ‘दूध पिताना काही मी बघितला नाही बघ.’ त्या वर्षीही ती वारुळाला गेली, हळदकुंकू आणि लाह्या वाहिल्या, दुधाची वाटी घरी नातवंडांना दिली.

नागपंचमीला आपल्याकडे नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत, काही चिरत नाहीत. श्रावणात बिळांत पाणी शिरतं आणि साप बाहेर निघतात, त्याच दिवसांत एक दिवस का होईना जमिनीला हात लावायचा नाही, हे मला मोलाचं वाटतं. लेकीला तुम्ही वारुळाला नक्की न्या. अंधारात बाहेर जाताना पायात चप्पल आणि हातात बॅटरी, हेही त्याच वाटेनं सांगून टाका. आणि कुणाला दंश झालाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही, पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. तिथं लस असते.

मालकांचं राहिलं. ‘शिंगं फुटलीत’ असं ते म्हणाले ते आईचा अपमान झाला म्हणून, मला त्यात पोरीचा राग दिसत नाही. आजी-नातीचं मिटलं की ते निवळतील. त्यांना एक काम द्या: यापुढं बैलाचं खूर काढायचं असेल, डॉक्टर गाय तपासायला येणार असेल, शेळी व्यायला झाली असेल, तर लेकीला हाक मारायची. एवढंच. समजावून सांगायची गरज नाही, तिला उभं राहून बघू द्यायचं. उस्मानाबादी शेळी असेल तर बहुतेक जुळीच होतील, म्हणजे दुसरं करडू येईपर्यंत ती जागची हलणार नाही.

आणि तुम्ही. तुम्हाला दिवसभर कामं आहेत, दर प्रश्नाला थांबता येणार नाही, हे मला कळतं. मग वेळ ठरवा. संध्याकाळी धार काढताना तुमचे हात गुंतलेले असतात पण तोंड मोकळं असतं. ‘धारेच्या वेळी विचार’ असं तिला सांगून ठेवा, म्हणजे दिवसभर ती प्रश्न जपून ठेवेल. ज्याचं उत्तर येत नाही ते एका वहीत लिहायचं, तिच्याच अक्षरात. उद्यापासून सुरुवात तुम्ही करा, ती गप्प झालीय तर आधी तुम्हालाच विचारावं लागेल. शेळीपासून करा. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, पेटीच्या फटीसारखी. शेळी मान खाली घालून चरायला लागली की ती फट उभी व्हायला हवी, हो ना? तुम्ही दोघी शेळीजवळ उकिडव्या बसा आणि बघा. डोळा खोबणीतल्या खोबणीत फिरतो आणि फट जमिनीला आडवीच राहते, म्हणजे खाली मान घालूनही तिला दोन्ही बाजूंनी येणारा लांडगा दिसतो. पण हे तिला आधी सांगू नका. ‘शेळीनं मान खाली घातली की तिचा डोळा कसा होतो गं?’ एवढंच विचारा आणि धार काढत राहा.

गाईच्या रवंथाचा आकडाही मोजून झाला की मला कळवा, लेकीच्या हातानं लिहून. माझ्या घरामागं एकांची देवणी गाय बांधलेली असते. परवा संध्याकाळी मी भिंतीवरून मोजले, 54 भरले.